नदीकाठच्या मातीतले जड धातू : नमुना काढण्यापासून आकडा वाचण्यापर्यंत

नदीकाठच्या जमिनीत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आहे का हे तपासायचं म्हटलं की बहुतेक जण थेट पाण्याच्या कडेला जातात, तिथली चार मुठी माती पिशवीत भरतात आणि प्रयोगशाळेत देतात. अहवालात आकडे कमी आले की जमीन स्वच्छ असं ठरतं. आम्ही या कामाला लागतो तेव्हा काठ सोडून आधी जमिनीचा उतार बघतो. पुराचं पाणी पात्राबाहेर आलं की त्याचा वेग एकदम मंदावतो आणि जाडी वाळू काठालगतच पडते. बारीक पोयटा आणि चिकणमाती पाण्याबरोबर आत जाते आणि मागच्या सखल भागात, जुन्या पात्राच्या खळग्यात, झुडपांच्या आडोशाला, जिथे पाणी साचून राहतं तिथे बसते. जड धातू प्रामुख्याने या बारीक कणांना चिकटून आलेले असतात. 2 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणांचं पृष्ठफळ प्रचंड असतं, त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो, वर लोह-मँगनीजच्या ऑक्साइडचा आणि ह्यूमसचा, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचा, पातळ थर असतो. धातूंना धरून ठेवणारं सगळं तिथेच आहे. त्यामुळे काठावरच्या वाळूत काही सापडलं नाही आणि शंभर-दोनशे मीटर आतल्या सखल वाफ्यात मात्र आकडा कितीतरी वर गेला, असं हमखास होतं.

याला एक अपवाद आहे. वरच्या बाजूला खाण असेल आणि नदीत खनिजाचेच कण येत असतील, तर गॅलिना या शिशाच्या खनिजासारखे जड कण वाळूबरोबर, काठालगतही बसतात. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला काय आहे, खाण, मुलामा देण्याचे कारखाने, चामडं कमावण्याचे उद्योग की शहराचं सांडपाणी, हे आधी माहीत करून घ्यावं. कोणते धातू शोधायचे आणि कुठे शोधायचे, दोन्ही त्यावर ठरतं.

फावडं हातात घेण्याआधी जमीन कसणाऱ्यांशी बोलणं ही आमच्या कामातली सगळ्यात मोलाची पायरी आहे. पूर कुठवर येतो, पाणी कुठे किती दिवस तुंबतं, ओसरल्यावर गाळाचा थर कुठे जाड दिसतो, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. एक प्रश्न मुद्दाम विचारायचा : पात्रातला गाळ उपसून कधी काठावर किंवा शेतात पसरला होता का? उपसलेल्या गाळाचे ढीग सपाट करून त्यावर शेती सुरू झालेली असेल तर पुराचा सगळा हिशोब तिथे लागू होत नाही. उंचावरच्या, कधीही न बुडणाऱ्या तुकड्यातही धातू सापडतात ते याच कारणाने. रस्त्यालगतची पट्टी, कचरा जाळण्याची जागा, रंगवलेल्या लोखंडी पुलाखालची माती, तांबंयुक्त बुरशीनाशकं वर्षानुवर्षं फवारलेली बाग, या जागा नदीच्या खात्यात धरू नयेत. त्यांचे नमुने घ्यायचेच असतील तर वेगळे घ्यावेत.

नमुन्याच्या जागा आम्ही नदीला काटकोनात आखलेल्या रेषांवर ठरवतो. प्रत्येक रेषेवर काठाचा उंचवटा, मधला सपाट भाग, मागचा सखल भाग आणि पुराच्या रेषेच्या वरची, न बुडणारी जमीन असे किमान चार तुकडे येतात. एका तुकड्यात नागमोडी चालत 10 ते 15 ठिकाणची माती घ्यायची, एकत्र करायची, पसरून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि साधारण 1 किलो उरेपर्यंत हे करत राहायचं. ही पद्धत माती परीक्षणाची सवय असलेल्या कुणालाही माहीत असते. इथे पथ्य एवढंच की उंचवट्याची आणि सखल भागाची माती एकमेकांत मिसळायची नाही. मिसळली की सरासरी निघते, आणि त्या सरासरीचं प्रत्यक्षात शेत कुठेच नसतं.

खोलीचा निर्णय वापरावर. नांगरलेल्या शेतात 0 ते 20 सेंटिमीटर. कुरण असेल किंवा मुलं खेळतात अशी मोकळी जागा असेल तर वरचे 2 ते 5 सेंटिमीटर वेगळे, कारण हातातोंडाशी जाते ती वरचीच माती. पण नदीकाठी एवढ्यावर थांबलं तर अर्धी गोष्ट निसटते. दर रेषेवर निदान एक खड्डा मीटरभर खोल घ्यावा.

त्या खड्ड्याची भिंत हा पुरांचा लेखाजोखा असतो. प्लास्टिकच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या पात्याने भिंत सेंटिमीटरभर खरवडून ताजी केली की थर सुटे दिसू लागतात : वर नांगरटीचा एकजीव तपकिरी पट्टा, खाली बोटभर जाडीची फिकट वाळू, तिच्याखाली करडा चिकण थर, त्यात गंजाच्या रंगाचे ठिपके आणि मुळांच्या नळ्यांभोवती नारिंगी कडी. ठिपके दिसले की समजायचं, इथे भूजल वर-खाली होतं; माती काही काळ पाण्याखाली गुदमरते आणि काही काळ श्वास घेते. धातूंच्या हालचालीसाठी हे फार महत्त्वाचं आहे, त्याकडे पुढे येऊ. नमुने थरांप्रमाणे घ्यायचे, मोजपट्टीच्या ठरावीक टप्प्यांनी नाही. 20 ते 40 सेंटिमीटर असा सरधोपट टप्पा घेतला तर निम्मी वाळू आणि निम्मा चिकण थर एकत्र येतो आणि ज्या थरात जुन्या काळचा गाळ दडला आहे तो दिसतच नाही. घेताना खालून वर यायचं. वरून सुरुवात केली तर वरची भुगभुगीत माती खालच्या थरावर सांडते.

अवजारांबद्दल काटेकोर राहावं लागतं. गॅल्व्हनाइज्ड घमेलं किंवा बादली जस्त देते. पितळी चाळणी तांबं आणि जस्त देते. क्रोमचा मुलामा दिलेलं गिरमिट क्रोमियम देतं आणि रंगवलेल्या फावड्याचा रंग कशाने बनला आहे ते सांगता येत नाही. स्टेनलेस स्टीलमध्येही क्रोमियम आणि निकेल असतंच, म्हणून फावड्याने फक्त उकरायचं आणि पात्याला लागलेली माती बाजूला सारून आतली माती प्लास्टिकच्या खुरप्याने उचलायची. लॅटेक्सच्या हातमोज्यांत झिंक ऑक्साइड असतं, उन्हासाठी लावायच्या कित्येक मलमांतही असतं. त्यामुळे भुकटी नसलेले नायट्राइलचे हातमोजे वापरावेत. हातातल्या अंगठ्या काढून ठेवाव्यात. नमुना दुहेरी पॉलिथिन पिशवीत भरायचा आणि पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी दोन पिशव्यांच्या मध्ये ठेवायची. ओल्या मातीला लागून ठेवलेल्या चिठ्ठीवरची शाई प्रयोगशाळेत पोचेपर्यंत वाचता येत नाही.

पारा आणि सहा-संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) यांची गोष्ट निराळी. पारा उडून जातो, म्हणून काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, 4 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड ठेवून न्यावा. सहा-संयुजी क्रोमियम मोजायचं तर माती वाळवायचीच नाही, ओलीच थंड ठेवायची, कारण वाळवताना त्याचं रूप बदलू शकतं. बाकी धातूंसाठी माती सावलीत, प्लास्टिकच्या तबकात पातळ पसरून, 40 अंशांच्या आत वाळवायची. चिकणमाती पूर्ण वाळली की तिची ढेकळं फुटता फुटत नाहीत. ती अर्धवट ओलसर असतानाच हाताने कुस्करून ठेवली तर पुढचे कष्ट वाचतात. मग लाकडी दांड्याने फोडून 2 मिलिमीटरच्या नायलॉन चाळणीतून चाळायची. चाळलेल्या मातीतून 20 ग्रॅम अगेटच्या (कठीण दगडाच्या) खलात 150 मायक्रॉनच्या खाली जाईपर्यंत घोटायची. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण पचनासाठी, म्हणजे माती ॲसिडमध्ये तापवून धातू द्रावणात आणण्यासाठी, आपण फक्त अर्धा ग्रॅम घेणार असतो. त्या अर्ध्या ग्रॅममध्ये शिशाच्या खनिजाचा एखादा जाडसर कण आला तर आकडा भलताच फुगतो आणि दुसऱ्यांदा केलं की जुळत नाही.

दोन ठिकाणांची तुलना करायची असेल तर 63 मायक्रॉनखालचा बारीक भाग ओल्या चाळणीने वेगळा काढून त्याचीही तपासणी करावी. कारण साध्या गणितात आहे. समजा नदीने आणलेल्या बारीक गाळात किलोमागे 400 मिलिग्रॅम शिसं आहे आणि वाळूत 20. ज्या शेतात बारीक भाग 25 टक्के आहे तिथे एकूण मातीचा आकडा 115 येईल. जिथे 75 टक्के आहे तिथे 305. गाळ एकच, प्रदूषण एकच, पण अहवालात एक शेत दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट ‘दूषित’ दिसतं. बारीक भागाचा आकडा नदी काय आणते ते सांगतो, एकूण मातीचा आकडा पीक आणि माणूस कशाला सामोरे जातात ते सांगतो. आम्ही दोन्ही देतो.

पचनासाठी 0.5 ग्रॅम माती, 9 मिलिलिटर तीव्र नायट्रिक ॲसिड आणि 3 मिलिलिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड मायक्रोवेव्हच्या टेफ्लॉन भांड्यात. झाकण लगेच लावायचं नाही. चुनखडीयुक्त किंवा भरपूर सेंद्रिय द्रव्य असलेली माती फसफसते. धुराड्याखाली किमान 15 मिनिटं उघडी ठेवून फेस बसू द्यावा, नाहीतर आत दाब चढून भांड्याची झडप उघडते आणि नमुना वाया जातो. मग सुमारे साडेपाच मिनिटांत 175 अंशांवर न्यायचं आणि एकूण 10 मिनिटं होईपर्यंत तिथेच ठेवायचं. पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. गाळून 50 मिलिलिटर करायचं. तळाशी पांढुरका साका उरतो तो सिलिकेटचा. या ॲसिडांत तो विरघळत नाही आणि त्यात अडकलेले धातूही बाहेर येत नाहीत. क्रोमाइटसारख्या चिवट खनिजातलं क्रोमियम तर बरंचसं मागेच राहतं. म्हणून अहवालात ‘एकूण क्रोमियम’ न लिहिता ‘ॲसिडने निघणारं क्रोमियम’ असं लिहावं. खरंच एकूण हवं असेल तर हायड्रोफ्लुओरिक ॲसिड लागतं. त्याची वेगळी भांडी, वेगळं प्रशिक्षण आणि त्या ॲसिडने भाजल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी असल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

मोजणी आयसीपी-एमएसवर (मूलद्रव्यं आयनांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) असेल तर आर्सेनिककडे नीट लक्ष द्यावं. यंत्रातला आर्गॉन आणि ॲसिडमधला क्लोरीन यांचा मिळून 75 वस्तुमानाचा आयन तयार होतो आणि आर्सेनिकचं वस्तुमानही 75. हेलियम भरलेला कोलिजन सेल, म्हणजे असे जोड-आयन अडवणारा कप्पा, वापरला नाही तर नसलेलं आर्सेनिक दिसतं. हातात धरायच्या एक्सआरएफ यंत्रातही (मूलद्रव्यं क्ष-किरणांवरून ओळखणारं यंत्र) आर्सेनिकची अडचण आहे, वेगळ्या कारणाने : आर्सेनिकची मुख्य क्ष-किरण रेषा 10.54 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला आणि शिशाची 10.55 ला. शिसं जास्त असलेल्या मातीत त्या यंत्राच्या आर्सेनिकच्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. ओल्या मातीत सगळेच आकडे कमी येतात, आणि शेतीसाठी महत्त्वाच्या पातळीवरचं कॅडमियम त्याला दिसत नाही. तरीही शेतात उभं राहून शिसं, जस्त, तांबं कुठे वाढतंय ते पाहायला आणि खड्डा कुठे घ्यायचा ते ठरवायला हे यंत्र फार उपयोगी आहे.

गणित सोपं आहे, पण घसरण इथेच होते. यंत्राने 420 मायक्रोग्रॅम प्रति लिटर दाखवलं, द्रावण 50 मिलिलिटर, माती 0.5 ग्रॅम; म्हणजे किलोमागे 42 मिलिग्रॅम. मोजण्याआधी द्रावण दहापट पातळ केलं असेल तर 420. पातळीकरणाची नोंद राहिली की आकडा दहापटीने चुकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मातीतली उरलेली ओल 105 अंशांवर वेगळा नमुना वाळवून काढायची आणि आकडा कोरड्या वजनावर आणायचा.

प्रत्येक फेरीत एक रिकामं ॲसिड (माती न घालता), एक दुहेरी नमुना आणि एक प्रमाणित संदर्भ माती (जिच्यातले आकडे आधीच ठाऊक आहेत) चालवल्याशिवाय आम्ही आकडा बाहेर देत नाही. संदर्भ मातीचं मूल्य 80 ते 120 टक्क्यांत आलं पाहिजे. पण तुलना करताना प्रमाणपत्रातलं एकूण मूल्य आणि ॲसिडने निघणारं मूल्य यांची गल्लत करू नये. रिकाम्या ॲसिडमध्ये जस्त दिसलं तर संशय आधी भांड्यांवर. ती 10 टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये रात्रभर बुडवून ठेवावीत.

आकडा आला, आता तो वाचायचा. बेसाल्टपासून बनलेल्या काळ्या मातीत तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त असतं. जगाच्या सरासरीशी तुलना केली तर अशी निर्दोष जमीनही दूषित ठरते. म्हणून तुलनेसाठी त्याच खडकातली, पुराच्या रेषेच्या वरची, रस्त्यापासून दूर असलेली माती लागते. त्याच खड्ड्यातला खोल थर पार्श्वभूमी म्हणून वापरण्याची पद्धत बरीच रूढ आहे, पण नदीकाठी ती फसवी आहे : खोल थर हा जुन्या पुराचा गाळ असू शकतो. चिकणमातीच्या प्रमाणातला फरक काढून टाकायला धातूचं ॲल्युमिनियमशी गुणोत्तर घेतात, नमुन्यातलं भागिले पार्श्वभूमीतलं. मात्र त्यासाठी ॲल्युमिनियम पूर्ण विरघळवून किंवा प्रयोगशाळेतल्या एक्सआरएफवर मोजलेलं हवं. उत्तर 2 च्या आत असेल तर ते निसर्गाच्या चढउतारात धरावं. मर्यादांचे तक्ते वापरताना त्यांच्या अटी वाचाव्यात. नेदरलँड्सचं शिशासाठी 530 आणि कॅडमियमसाठी 13 मिलिग्रॅम प्रति किलो हे हस्तक्षेप मूल्य (ज्याच्या वर जमीन गंभीर दूषित धरतात) सगळीकडे उद्धृत होतं, पण ते 25 टक्के चिकणमाती आणि 10 टक्के सेंद्रिय द्रव्य असलेल्या प्रमाण मातीचं आहे. वाळूसर जमिनीला ते तसंच लावता येत नाही, खाली आणावं लागतं. शिवाय या मूल्याखालची जमीन पिकाला सुरक्षित आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि एकूण धातू म्हणजे पिकाला मिळणारा धातू नव्हे. त्यासाठी सामू (पीएच), सेंद्रिय कर्ब आणि डीटीपीए चाचणी (डीटीपीए हे धातूंना पकडून द्रावणात आणणारं रसायन) सोबत हवीच. 10 ग्रॅम माती, 7.3 सामूचं 20 मिलिलिटर द्रावण, 2 तास हलवणं, गाळून मोजणं. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी करतात तीच चाचणी. आम्लधर्मी जमिनीत ती नीट लागू पडत नाही, तिथे 0.01 मोलर कॅल्शियम क्लोराइड बरं. सामू 6.5 च्या खाली घसरू लागला की कॅडमियम आणि जस्त मोकळं होतं. आर्सेनिकचं उलट, सामू चढला की ते सुटतं.

आता गंजाच्या ठिपक्यांकडे. माती पाण्याखाली गेली की प्राणवायू संपतो, लोहाची ऑक्साइडं विरघळतात आणि त्यांना चिकटलेलं आर्सेनिक पाण्यात येतं. त्याच वेळी गंधकाची सल्फाइडं तयार होतात आणि कॅडमियम त्यांत बांधलं जातं. पाणी उतरून जमीन वाळली की सल्फाइडं पुन्हा ऑक्सिडाइज होतात, आम्ल तयार होतं आणि कॅडमियम सुटतं. म्हणून भाताच्या खाचरात पाणी राखलं तर दाण्यात कॅडमियम कमी आणि आर्सेनिक जास्त जातं. दाणा भरताना पाणी काढलं तर उलट. दोन्ही धातू असलेल्या जमिनीत पाणी कसं द्यायचं हा खरा पेच आहे आणि मोजमापाशिवाय तो सुटत नाही. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात कामिओका खाणीतलं कॅडमियम पाण्यावाटे भातखाचरांत आणि तिथून तांदळात गेलं. हाडं ठिसूळ करणाऱ्या इताई-इताई या आजाराचं ते कारण असल्याचं तिथल्या सरकारने 1968 मध्ये मान्य केलं.

उपायांचं बोलताना आधी वजनाचा हिशोब मांडावा. हेक्टरभर जमिनीचा 20 सेंटिमीटरचा थर, घनता घनसेंटिमीटरला 1.3 ग्रॅम धरली तर, 2600 टन होतो. त्यातलं कॅडमियम किलोमागे 1 मिलिग्रॅमने कमी करायचं म्हणजे 2.6 किलो धातू बाहेर काढायचा. धातू शोषणारं पीक हेक्टरी 5 टन कोरडा पाला देत असेल आणि त्यात किलोमागे 20 मिलिग्रॅम कॅडमियम असेल, तर एका हंगामात 100 ग्रॅम निघतं. म्हणजे 26 हंगाम, आणि निघालेल्या पाल्याची विल्हेवाट वेगळी. शिशाच्या बाबतीत तर हा मार्ग धरूच नये, ते मुळाशीच अडकतं. कॅडमियम-जस्तासाठी चुना देऊन सामू 6.5 ते 7 वर आणणं आणि सेंद्रिय द्रव्य वाढवणं हे लवकर आणि खात्रीने लागू पडतं, मात्र सामू दरवर्षी तपासावा लागतो. शिसं स्थिर करायला फॉस्फेट देतात. सोबत आर्सेनिक असेल तर देऊ नये, फॉस्फेट त्याची जागा घेऊन त्याला मोकळं करतं. पालेभाज्या कॅडमियम चटकन उचलतात, शिवाय पानांना चिकटलेली माती पोटात जाते. म्हणून पालेभाज्या दूषित तुकड्यातून आधी हलवाव्यात.

यातलं काहीही करण्याआधी नवा पूर काय आणतो ते मोजून ठेवावं. कृत्रिम गवताची 50 बाय 50 सेंटिमीटरची चटई चार खुंट्यांनी जमिनीला पक्की करायची, पूर ओसरला की उचलून तिच्यावरचा गाळ धुऊन, वाळवून, तोलायचा आणि तपासायचा. अर्धा किलो गाळ निघाला तर चौरस मीटरला 2 किलो. त्यात किलोमागे 300 मिलिग्रॅम शिसं असेल तर एका पुरात हेक्टरी 6 किलो शिसं आलं. हा गाळ खालच्या मातीपेक्षा जास्त दूषित असेल तर तो ओलसर असतानाच, धूळ उडायच्या आत, खरवडून बाजूला काढता येतो का ते बघावं. तो खालच्या मातीपेक्षा स्वच्छ असेल तर खोल नांगरट बंद करावी, वरवरची मशागत ठेवावी आणि स्वच्छ थर वर साठू द्यावा.